जीवरासायनिक अभियंता
जीवरासायनिक अभियंता : जिवंत कोशिका किंवा त्यांपासून मिळणारी एंझाइमे यांच्याकरवी होणाऱ्या विक्रिया औद्योगिक प्रमाणावर, सुरक्षितपणे व परवडणाऱ्या खर्चात घडवून आणणारी संयंत्रे आखणे, उभारणे व चालविणे हे ज्याचे काम असते, त्यास जीवरासायनिक अभियंता म्हणतात. प्रतिजैविक पदार्थ, लसी, इन्शुलिन, अल्कोहॉल, सायट्रिक अम्ल, यीस्ट, धुण्याच्या चूर्णातील एंझाइमे इ. पदार्थांचे उत्पादन, तसेच सांडपाण्याचे जैव शुद्धीकरण ही त्याची प्रमुख कार्यक्षेत्रे होत. रासायनिक अभियांत्रिकी, सूक्ष्मजीवशास्त्र व जीवरसायनशास्त्र या तिन्हींचा या व्यवसायाशी संबंध येतो; तथापि त्याचा पाया रासायनिक अभियांत्रिकीचाच आहे. एखादी बुरशी कोणता उपयुक्त पदार्थ निर्माण करते याचा शोध सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ लावतो. तोच पदार्थ दररोज, ठराविक शुद्धतेचा आणि रुग्णाला परवडेल अशा किंमतीत कसा मिळवावयाचा, हा प्रश्न अभियंत्याचा असतो.

विरजण लावून दही करणे, आंबवून मद्य करणे, पीठ फुगविणे या क्रिया मनुष्य हजारो वर्षे करीत आला आहे [→ किण्वन]. घरातले दही एखाद्या दिवशी आंबट झाले, तर फारसे बिघडत नाही. ५० हजार लिटर माध्यम असलेली टाकी बिघडली म्हणजे मात्र आठवड्याचे उत्पादन गटारात सोडावे लागते. आणि बिघाड लक्षात न येता माल बाहेर गेला, तर त्याचे परिणाम कोणाच्या तरी जिवावर बेततात. या दोहोंमधील अंतर म्हणजेच जीवरासायनिक अभियंत्याचा व्यवसाय असे म्हणता येईल.

व्यवसायाचा उगम : पहिल्या महायुद्धाच्या काळात स्फोटक द्रव्यांसाठी लागणारे ॲसिटोन सूक्ष्मजंतूंच्या साहाय्याने धान्यापासून तयार करण्याची पद्धती खाइम वाइट्समान यांनी शोधून काढली. मोठ्या टाक्यांत एकाच जातीचे सूक्ष्मजंतू परक्या जंतूंचा शिरकाव होऊ न देता वाढविण्याचा हा पहिला मोठा औद्योगिक अनुभव होता. असे असले तरी स्वतंत्र व्यवसाय म्हणून जीवरासायनिक अभियांत्रिकीचा जन्म पेनिसिलिनामुळे झाला.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये पेनिसिलिनाचा शोध लावला. पुढे ऑक्सफर्ड येथे हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन व नॉर्मन हीटली यांनी ते द्रव्य वेगळे करून त्याचे औषधी गुण सिद्ध केले. त्यांच्याकडे कारखाना नव्हता. ही बुरशी माध्यमाच्या पृष्ठभागावर वाढते, म्हणून उथळ भांडी हवी होती. प्रारंभी रुग्णालयातील मलपात्रेसुद्धा त्यांनी वापरली व पुढे हीटली यांनी खास चिनी मातीची भांडी करवून घेतली. फेब्रुवारी १९४१ मध्ये जंतुसंसर्गाने अत्यवस्थ झालेल्या एका पोलीस शिपायास हे औषध देण्यात आले. त्याची प्रकृती झपाट्याने सुधारू लागली. परंतु साठा अपुरा होता. रुग्णाच्या मूत्रातून बाहेर पडलेले पेनिसिलीन पुन्हा काढून त्यालाच टोचण्यात आले. अखेर तेही संपले आणि मार्चमध्ये तो मरण पावला. औषध गुणकारी होते, निदान अचूक होते, उपचार करणारे जगातील उत्तम शास्त्रज्ञ होते. उणीव होती ती केवळ उत्पादनाची. या व्यवसायाची गरज याहून स्पष्टपणे दाखविणारे दुसरे उदाहरण सापडणे कठीण आहे.

त्याच वर्षी फ्लोरी व हीटली अमेरिकेस गेले. इलिनॉय राज्यातील पीओरिया येथील सरकारी प्रयोगशाळेत, मक्यापासून स्टार्च काढताना उरणारे भिजवणीचे पाणी माध्यमात घातल्यास उत्पादन पुष्कळ वाढते, असे दिसून आले. १९४३ मध्ये तेथील बाजारातल्या एका कुजक्या खरबुजावर बुरशीचा अधिक उत्पादक वाण मिळाला. मुख्य अडचण मात्र यांत्रिक होती : पृष्ठभागावर वाढणारी बुरशी खोल टाकीत बुडवून वाढवावयाची, तर प्रत्येक थेंबापर्यंत निर्जंतुक हवा पोहोचविली पाहिजे. मार्च १९४४ मध्ये फायझर कंपनीने ब्रुकलिन येथे प्रत्येकी सु. २८ हजार लिटरच्या १४ टाक्या असलेले संयंत्र सुरू केले. खोल टाकीत पेनिसिलीन तयार करणाऱ्या पहिल्या व्यापारी संयंत्राच्या आराखड्याचे श्रेय मार्गारेट हचिन्सन रूसो या रासायनिक अभियंता महिलेस दिले जाते. त्यांनी १९३७ मध्ये मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून रासायनिक अभियांत्रिकीतील डॉक्टरेट मिळविली होती; तेथे या विषयात ती मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. १९४९ मध्ये कोलंबिया विद्यापीठात एल्मर गेडन यांनी पेनिसिलिनाच्या किण्वनातील ऑक्सिजनाच्या पुरवठ्यावर प्रबंध लिहिला. त्यांना या शाखेचे जनक मानतात. या विषयाला वाहिलेले नियतकालिकही त्यांनीच सुरू केले. अगदी प्रारंभी दर मिलि. माध्यमामागे पेनिसिलिनाचे मोजके एकक मिळत. आज वाणांची निवड व प्रक्रियेचे नियंत्रण यांमुळे ५०,००० हून अधिक एकक मिळतात.

कामाचे स्वरूप : या अभियंत्याचा उत्प्रेरक जिवंत असतो. तो वाढतो, श्वसन करतो, उपाशी राहतो आणि मरतो. काही सूक्ष्मजंतू अनुकूल परिस्थितीत दर २० मिनिटांनी दुप्पट होतात. सात तासांत एकाचे वीस लाखांवर जंतू होतात. म्हणून थंड साठ्यातील एका लहानशा कुपीपासून आरंभ करून क्रमाने चंबू, लहान टाकी, बीजटाकी व शेवटी मुख्य टाकी अशा पायऱ्यांनी संवर्धन वाढवीत नेतात. मुख्य टाकीस कारखान्यात फर्मेंटर म्हणतात. तिला वाफ, पाणी, हवा, अम्ल, क्षार व पोषक द्रव्ये यांच्या नळ्या जोडलेल्या असतात. आत पाती फिरत असतात. तापमान, पीएच मूल्य व विरघळलेला ऑक्सिजन दाखविणारे संवेदक बसविलेले असतात. बाहेरून पाहणाऱ्यास ती एक मुकी पोलादी टाकी दिसते.

आतील हिशोब मोठा चुरशीचा असतो. सर्वसाधारण तापमानास हवेच्या सान्निध्यात एक लिटर पाण्यात ऑक्सिजन जेमतेम ७ ते ८ मिग्रॅ. विरघळतो. दाट संवर्धनास दर लिटरमागे ताशी १.६ ग्रॅ. ऑक्सिजन लागतो असे धरले, तर हा साठा सु. १७ सेकंदांत संपेल. म्हणजे वीज गेली किंवा हवेचा दाबयंत्र बंद पडला, तर पाव मिनिटात कोट्यवधी कोशिका गुदमरू लागतात. हवेचे बुडबुडे जितके बारीक, तितका ऑक्सिजन द्रवात लवकर शिरतो. पण बुडबुडे बारीक करण्यासाठी पाती जोराने फिरवावी लागतात, त्यास वीज लागते आणि नाजूक कोशिका फाटण्याची भीती असते. बुरशीचे तंतू वाढले, की माध्यमाची श्यानता लापशीसारखी वाढते आणि सगळा हिशोब पुन्हा मांडावा लागतो.

जितका ऑक्सिजन खर्ची पडतो, तितकी उष्णताही निर्माण होते. वर दिलेल्या वेगाने श्वसन करणारे संवर्धन दर लिटरमागे सु. ६.४ वॉट उष्णता देते. एक लक्ष लिटरच्या टाकीत ती सु. ६४० किलोवॉट होते. ही उष्णता भिंतीतून अथवा आतील वेटोळ्यांतून थंड पाण्याने काढून घ्यावी लागते. येथेच प्रमाणवाढीची खरी मेख आहे. टाकीची उंची व व्यास दसपट केला, तर घनफळ हजारपट होते. भिंतीचे क्षेत्र मात्र शंभरपटच होते. प्रयोगशाळेतील बरणीत सहज थंड राहिलेले संवर्धन कारखान्याच्या टाकीत तापून मरू शकते. मोठ्या टाकीत द्रव मिसळण्यासही वेळ लागतो; त्यामुळे एका बाजूस कोशिकांना साखरेचा अतिरेक तर दुसऱ्या बाजूस उपासमार घडते. प्रयोगशाळेतील यश कारखान्यात उतरेलच असे नसते, आणि ते का उतरले नाही हे सांगता येणे ही या अभियंत्याच्या पारखीची गोष्ट आहे. त्यासाठी मधला टप्पा म्हणून काही शेकडा लिटरचे प्रायोगिक संयंत्र चालवितात. हा खर्च वाचविण्याचा मोह अनेकांना होतो व तो बहुधा महागात पडतो.

निर्जंतुकता हे या व्यवसायातील सोवळे होय. माध्यम व उपकरणे सामान्यतः १२१° से. तापमानाच्या वाफेने निर्जंतुक करतात. हवा सूक्ष्म छिद्रांच्या गाळण्यांतून सोडतात. आराखडा करताना हजार खेपांत एकच खेप दूषित होईल इतकी दक्षता घेण्याचा प्रघात आहे. जोडकामातील एखादी फट, वाफ न पोहोचलेला नळीचा एखादा कोपरा, झिजलेले एखादे रबरी कडे एवढ्यावरून पाच ते आठ दिवस चाललेली खेप वाया जाते. पेनिसिलिनाच्या बाबतीत तर आत शिरलेले काही जंतू ते द्रव्य नष्ट करणारे एंझाइमच तयार करतात. टाकी वरून निरोगी दिसते आणि आत औषध नाहीसे होत असते.

किण्वन संपले म्हणजे निम्मे काम झाले. मिळालेल्या रश्श्यात पाणीच फार असते व हवा असलेला पदार्थ थोडा असतो. गाळण, केंद्रोत्सारण, विद्रावकाने निष्कर्षण, अधिशोषण, वर्णलेखन, स्फटिकीभवन अशा क्रियांनी तो वेगळा करतात. पेनिसिलीन विद्रावकात उतरण्यासाठी द्रव अम्लीय करावा लागतो. पण अम्लात ते लवकर विघटन पावते. म्हणून द्रव थंड ठेवून, अम्ल घातल्यावर अगदी थोड्या वेळात केंद्रोत्सारी यंत्राने ते ब्यूटिल ॲसिटेटासारख्या विद्रावकात घेतात. अनेक औषधांच्या बाबतीत एकूण खर्चाचा मोठा भाग या शुद्धीकरणावरच होतो. विद्यार्थ्यांचे लक्ष किण्वनाकडे जाते व शुद्धीकरण नीरस वाटते. नोकरीत मात्र शुद्धीकरण जाणणाऱ्यास अधिक मागणी असते.

शुद्धीकरणातील लहानशा बदलाचे मोल काय असू शकते, हे १९८९ मध्ये दिसून आले. एका जपानी कारखान्यात किण्वनाने तयार झालेले ट्रिप्टोफेन हे ॲमिनो अम्ल अमेरिकेत पूरक आहार म्हणून विकले जाई. ते घेणाऱ्यांना स्नायूंच्या तीव्र वेदना व रक्तदोष असलेला विकार जडला. १,५०० हून अधिक लोक आजारी पडले व सु. ३७ दगावले. कारखान्याने सूक्ष्मजंतूचा नवा वाण वापरण्यास सुरुवात केली होती आणि त्याच सुमारास शुद्धीकरणातील सक्रियित कार्बनाचे प्रमाण कमी केले होते. दोन्ही बदल एकाच वेळी झाल्याने दोष नेमका कशाचा, याचा निर्विवाद निर्णय होऊ शकला नाही. एका वेळी एकच बदल करावा व प्रत्येक बदल नोंदवून तपासून घ्यावा हा औषधनिर्मितीतील दंडक तरुण अभियंत्यास जाचक वाटतो, तेव्हा हे उदाहरण त्याच्यापुढे ठेवावे. भारतात औषध कारखान्यांनी पाळावयाच्या पद्धती औषधविषयक नियमांच्या ‘एम’ अनुसूचीत दिलेल्या आहेत. त्यांनुसार प्रत्येक खेपेचा पूर्ण अभिलेख ठेवावा लागतो.

नवा अभियंता पुष्कळदा पाळीने काम करतो आणि रात्रपाळी चुकत नाही. पहाटे तीनला विरघळलेल्या ऑक्सिजनाचा आकडा एकाएकी चढू लागला, तर नवख्यास ते सुचिन्ह वाटते. जाणकार चरकतो, कारण ऑक्सिजन साठू लागला याचा अर्थ कोशिकांनी तो घेणे थांबविले. साखर संपली आहे, की संवर्धन मेले आहे, की संवेदकच बिघडला आहे, हे काही मिनिटांत ठरवावे लागते. उलट आकडा अकारण खाली गेला, तर परका जंतू शिरल्याचा संशय घ्यावा लागतो. पुस्तकातील समीकरणे अशा वेळी उपयोगी पडतात, पण टाकीच्या वासावरून व फेसावरून अंदाज बांधणाऱ्या जुन्या कामगाराचे म्हणणेही ऐकून घ्यावे लागते. धोकेही आहेत. किण्वनात निर्माण होणारा कार्बन डायऑक्साइड हवेहून जड असल्याने रिकाम्या टाकीच्या तळाशी साचून राहतो. हवेची तपासणी न करता आत उतरलेला माणूस बेशुद्ध पडतो आणि त्याला वाचवावयास धावलेला दुसराही तेथेच पडतो.

शिक्षण : बारावीस भौतिकी, रसायनशास्त्र व गणित हे विषय आवश्यक असतात. जीवशास्त्राची आवड पण गणिताचा कंटाळा म्हणून या शाखेकडे वळणाऱ्यांची निराशा होते. द्रायुयामिकी, उष्णतेचे व द्रव्याचे संक्रमण, ऊष्मागतिकी, विक्रियांची गतिकी आणि प्रक्रिया नियंत्रण हे विषय टाळून जीवरासायनिक अभियंता होता येत नाही. रासायनिक अभियांत्रिकीची पदवी घेऊन नंतर जीवरासायनिक अभियांत्रिकीत पदव्युत्तर शिक्षण घेणे हा एक मार्ग होय. दुसरा, पहिल्यापासूनच या शाखेची अथवा जैव तंत्रविद्येची अभियांत्रिकी पदवी घेणे. नोकरीच्या बाजारात पहिला मार्ग अधिक भक्कम ठरतो असे दिसते, कारण अशा पदवीधरास खते, रंग वा खनिज तेल उद्योगाची दारेही खुली राहतात. पदव्युत्तर प्रवेशासाठी ‘गेट’ ही अखिल भारतीय परीक्षा द्यावी लागते.

भारतात जादवपूर विद्यापीठ, कानपूरची हारकोर्ट बटलर संस्था आणि वाराणसीची तंत्रसंस्था येथे या विषयाचे अध्यापन होते. दिल्लीच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत प्रा. तरुण कुमार घोष यांच्या पुढाकाराने १९७० नंतरच्या दशकात जीवरासायनिक अभियांत्रिकीचे संशोधन केंद्र सुरू झाले व पुढे त्याचा विभाग झाला. मुंबई विद्यापीठाचा १९३३ मध्ये स्थापन झालेला रासायनिक तंत्रविद्या विभाग २००८ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी हे अभिमत विद्यापीठ बनला. १९८६ मध्ये केंद्र सरकारने जैव तंत्रविद्येचा स्वतंत्र विभाग काढल्यावर देशभर अभ्यासक्रम वाढले. पुढे अनेक महाविद्यालयांनी पुरेशी टाकी वा प्रायोगिक संयंत्र नसताना जैव तंत्रविद्येच्या पदव्या देण्यास सुरुवात केली आणि त्यांच्या पुष्कळ पदवीधरांना संगणक क्षेत्राकडे वळावे लागले. प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेतील किण्वनटाकी चालू स्थितीत आहे किंवा नाही व विद्यार्थ्यास ती स्वतः चालवावयास मिळते किंवा नाही, एवढी चौकशी तरी करावी.

महाराष्ट्रातील क्षेत्रे : पुण्याजवळ पिंपरी येथे जागतिक आरोग्य संघटना व ‘युनिसेफ’ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली व १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिनाचे उत्पादन सुरू झाले. खोल टाकीतील किण्वनाचा मोठ्या प्रमाणावरील धडा भारतीय अभियंते तेथे शिकले. लसींच्या क्षेत्रात मुंबईची हाफकिन संस्था (१८९९) व पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट (१९६६) प्रसिद्ध आहेत. लसी व प्रतिपिंडे यांसाठी प्राण्यांच्या कोशिका वाढवाव्या लागतात. त्या दुप्पट व्हावयास सु. एक दिवस घेतात आणि त्यांना कठीण भित्ती नसल्याने फुटणाऱ्या बुडबुड्यानेही इजा होते.

तथापि राज्यात या विषयाचे सर्वांत पसरलेले क्षेत्र म्हणजे साखर कारखान्यांना जोडलेल्या आसवन्या होत. १०० ग्रॅ. ग्लुकोजापासून सिद्धांतानुसार ५१.१ ग्रॅ. अल्कोहॉल मिळावयास हवे. काही साखर यीस्टच्या वाढीत व उपपदार्थांत जात असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमी मिळते. ही तूट किती कमी करता येईल, यावर कारखान्याचा नफा व पर्यायाने उसाचा दर अवलंबून असतो. दुसरा प्रश्न सांडपाण्याचा. मळीपासून एक लिटर अल्कोहॉल काढताना ८ ते १५ लिटर काळपट सांडपाणी निघते. त्याची जैव ऑक्सिजन मागणी दर लिटरला ४०,००० मिग्रॅ. वा त्याहून अधिक असते; घरगुती सांडपाण्याची ती २०० ते ३०० मिग्रॅ. असते. असे पाणी ओढ्यात गेले, तर मासे तडफडतात व खालच्या गावांच्या विहिरी नासतात. ऑक्सिजनविरहित पाचनाने या मागणीचा बराच भाग घटवून त्यातून जळण वायू मिळविता येतो, व उरलेले पाणी आटवून जाळतात किंवा खतात मिसळतात. ही कामे जीवरासायनिक अभियंत्याचीच होत, आणि गावकऱ्यांच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहेत. मांजरी (पुणे) येथे १९७५ मध्ये स्थापन झालेली व आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाणारी संस्था अल्कोहॉल तंत्रविद्येचे शिक्षण देते. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या राष्ट्रीय धोरणामुळे या आसवन्यांचा विस्तार झाला असून २०२५ मध्ये मिश्रणाचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले.

व्यवसायाचे भवितव्य : पुनःसंयोजित डीएनए तंत्रामुळे मानवी इन्शुलिनाचा जनुक सूक्ष्मजंतूत घालणे शक्य झाले व १९८२ मध्ये असे इन्शुलीन अमेरिकेत विक्रीस आले. भारतात हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये यकृतशोथ-ब वरील पुनःसंयोजित लस बाजारात आणली. बंगलोरची बायोकॉन ही कंपनी १९७८ मध्ये किरण मजुमदार यांनी सुरू केली. त्यांचे शिक्षण ऑस्ट्रेलियात बिअर निर्मितीचे झाले होते. पण स्त्री म्हणून भारतातील बिअर कारखान्यांनी त्यांना प्रमुखपद दिले नाही. पपईच्या चिकापासून एंझाइम काढण्यापासून आरंभ करून त्यांनी किण्वनाच्या त्याच ज्ञानावर इन्शुलिनापर्यंत मजल मारली.

या क्षेत्रातील कौशल्य टाकीजवळ उभे राहून मिळते व टाक्या बंद पडल्या की विखुरते. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून चीनमधील स्वस्त मालापुढे टिकाव न लागल्याने भारतातील पेनिसिलिनाचे मूळ किण्वन थांबत गेले आणि प्रतिजैविकांचा कच्चा माल आयात होऊ लागला. इमारती उरल्या, पण वाण जपणारे, खेप चालविणारे व बिघाड ओळखणारे लोक निवृत्त झाले किंवा अन्य उद्योगांत गेले. २०२० मध्ये केंद्र सरकारने औषधांच्या कच्च्या मालासाठी उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना जाहीर केली. तीखाली आंध्र प्रदेशात काकीनाडा येथे उभारलेल्या संयंत्रात २०२४ मध्ये पेनिसिलीन-जी या मूळ द्रव्याचे उत्पादन पुन्हा सुरू झाले.